‘विमानदल झोपलं होतं’ असं म्हणणाऱ्यांना

अचानक हल्ला झाला की देश युद्धात कसा ओढला जातो, आणि 3 डिसेंबर 1971 ला पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर बॉम्ब टाकले नसते तर आपण लढलो असतो का, असं तुम्ही विचारलंय.

लढलो असतो. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, कोटभर निर्वासित आपल्याकडे येऊन बसले होते, तिथल्या सीमेजवळ गरीबपूरला पाकिस्तानी सैन्याशी लढाई 21 नोव्हेंबरलाच झाली होती. हल्ल्याने एवढंच झालं की युद्ध कोणी जाहीर करायचं हा प्रश्न मिटला. इंदिराबाई त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. त्या दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्रीनंतर रेडिओवरून देशाशी बोलल्या.

पण मी लिहितोय ते वेगळ्या कारणाने. माझे वडील, अण्णा, तेव्हा पठाणकोटच्या हवाई तळावर आर्मरर होते, विमानांना बॉम्ब आणि गोळ्या भरायचं काम. मी सात वर्षांचा. दत्तजयंती नुकतीच झाली होती. शुक्रवारची संध्याकाळ, आईने स्टोव्हवर दूध ठेवलेलं आणि भोंगा झाला. तिने ओल्या फडक्याने स्टोव्ह विझवला, धाकट्याला काखेत मारलं आणि दुधाचं पातेलंही उचललं, कारण तो भुकेला होता. खंदकात मातीचा गारवा आणि त्या दुधाला राॅकेलचा वास. पाकिस्तानची मिराज विमानं आली तेव्हा जमीन पोटाखाली हलली. थोड्या वेळाने चांदणं पडलं, पौर्णिमा कालपरवाचीच, आणि आई पुटपुटली, “आज चंद्र नको होता.” अण्णा तिसऱ्या दिवशी घरी आले. नखांत काळं ग्रीस, बूट न काढताच भिंतीला टेकून झोपले.

आणि गावी मोठे काका आयुष्यभर म्हणत राहिले, “तुमचं विमानदल झोपलं होतं, म्हणून एवढ्या तळांवर बॉम्ब पडले.” अण्णा कधी उलटून बोलले नाहीत. मी बोलतो.

काका, झोपलं होतं ते 1965 साली. 6 सप्टेंबरच्या संध्याकाळी याच पठाणकोटला आपली विमानं उघड्यावर उभी होती, पाकिस्तानच्या हल्ल्यात दहाएक जमिनीवरच गेली. त्यानंतर जाड भिंतींचे आडोसे बांधले, विमानं पांगवून ठेवायची शिस्त लागली. 1967 साली इस्राएलने इजिप्तचं विमानदल जमिनीवरच संपवलं, तो धडा सगळ्यांनीच वाचला होता. 71 ला पाकिस्तानला तेच करायचं होतं. पण त्यांनी थोडीच विमानं पाठवली आणि आपली आडोशाला होती, त्यामुळे नुकसान किरकोळ झालं. त्याच रात्री आपली कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं त्यांच्या तळांवर गेली. दिवस मावळताना मार खाल्ला आणि रात्रीच परत दिला, झोपलेला माणूस असं करू शकत नाही.

तेव्हा तुमच्या घरातही असे कोणी काका असतील तर त्यांना विचारा, किती बॉम्ब पडले ते राहू द्या, सकाळी किती विमानं उडाली ते सांगा.

एक मात्र कबूल करतो, प्रत्येक हल्ल्याचं असं नसतं. जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला, त्याआधी अमेरिकेत युद्धात पडायचं की नाही यावर जोरदार वाद होते. 7 डिसेंबर 1941 च्या त्या हल्ल्यानंतर एका दिवसात तिथल्या संसदेत युद्धाचा ठराव झाला आणि विरोधात एकच मत, खासदार जॅनेट रँकिन यांचं. तिथे हल्ल्याने देश खरोखर वळवला. आपल्याकडे तो आधीच वळलेला होता, आणि अण्णांच्या हातांना नोव्हेंबरपासूनच उसंत नव्हती.