दाताच्या इम्प्लांटभोवतीचे जिवाणू शोधणारा सेन्सर: आधी नमुना, मग इलेक्ट्रोड

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दाताच्या इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू ओळखणारा सेन्सर करायला घेतलास, याचा आनंद झाला. एक्स-रेमध्ये हाड झिजलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि गेलेलं हाड सहजी भरून येत नाही. पण बफरमध्ये, म्हणजे स्वच्छ क्षारद्रावणात, आलेला सुरेख आलेख पाहून हुरळून जाऊ नकोस. खरी परीक्षा इम्प्लांटभोवतीच्या खोबणीतल्या द्रवात आहे.

हा द्रव अनेकदा जेमतेम अर्धा मायक्रोलिटर मिळतो. आधी हिरडीच्या वर दिसणारा प्लाक (जिवाणूंचा चिकट थर) अलगद काढ, कॉटन रोल लाव, हवेच्या हलक्या झोताने जागा कोरडी कर. मग पेपर स्ट्रिप किंचित अडेल इतकीच आत सरकवून 30 सेकंद ठेव. रक्त लागलं तर ती स्ट्रिप टाकून दे. प्रोबने खोली मोजायची ती नमुना घेतल्यानंतरच, कारण प्रोबनेच रक्त येतं. स्ट्रिप 100 मायक्रोलिटर बफरमध्ये बुडवलीस की अर्धा मायक्रोलिटर द्रव 200 पट पातळ झाला. सेन्सर किती कमी जिवाणू ओळखतो, हे या हिशेबाने तपास.

इलेक्ट्रोड छापील सोन्याचा घे. थायॉल (सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट) जोडलेला अॅप्टामर, म्हणजे जिवाणूला धरणारा डीएनएचा छोटा धागा, टीसेप या क्षपणकाने क्षपित कर, 95 अंशांवर 5 मिनिटं तापवून हळूहळू थंड होऊ दे. त्याचा 1 मायक्रोमोलर द्रावणाचा थेंब रात्रभर ओलसर, झाकलेल्या डबीत ठेव. सुकला तर थर कडेलाच साचतो. नंतर उरलेलं उघडं सोनं झाकायला 1 मिलिमोलर मर्कॅप्टोहेक्झॅनॉल तासभर. ही पायरी गाळलीस तर लाळेतलं म्युसिन हे चिकट प्रथिन उघड्या सोन्याला चिकटतं, रोध वाढतो आणि जिवाणू नसतानाही सेन्सर ‘आहे’ सांगतो. हा रोध, म्हणजे इम्पिडन्स, मोजायला 5 मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइड, 10 मिलिव्होल्ट आणि 100 किलोहर्ट्झ ते 0.1 हर्ट्झ एवढं पुरेसं आहे.

जिवाणूऐवजी त्याचं जिंजिपेन हे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) मोजायचा मोह होईल. विचार चांगला आहे, पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे या विकराचं काम त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर चालतं आणि ते हवेत निष्क्रिय होतं, म्हणून बफरमध्ये सिस्टीन किंवा डीटीटी हे थायॉल असलेलं क्षपणक लागतं. आणि तेच थायॉल तुझा सोन्यावरचा थर उखडून टाकतं. तेव्हा विकर मोजायचंच असेल तर प्रकाशीय पद्धतीने, वेगळ्या नळीत मोज. दुसरं म्हणजे ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि टॅनरेला फॉरसिथिया हे हिरडीचे दुसरे दोन जिवाणूही प्रथिनं आर्जिनिन या अमिनो आम्लाजवळ तोडणारी विकरं बनवतात. त्यामुळे उत्तर एका जातीचं नसून त्रिकुटाचं असू शकतं, हे अहवालात स्पष्ट लिही.

ब्लँक (जिवाणू नसलेला तुलनेचा नमुना) बफरचा नको. जिंजिव्हॅलिस नसलेल्या लाळेत किमान 10 वेगवेगळे इलेक्ट्रोड वापर. एकाच गठ्ठ्यातल्या इलेक्ट्रोडांतही फरक असतो. स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनी आणि फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या तोंडातल्या इतर जिवाणूंवरही सेन्सर चालवून पाहा. तुलनेला पीसीआर (डीएनए वाढवून मोजणारी चाचणी) घेशील तेव्हा लक्षात ठेव, ते मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजतं. जिंजिव्हॅलिस वाढवायला हेमिन (रक्तातलं लोहयुक्त द्रव्य), व्हिटॅमिन के आणि ऑक्सिजनरहित पेटी लागते. त्याची सोय आधी कर.

आणि हा जिवाणू निरोगी इम्प्लांटभोवतीही सापडतो. एका आकड्यावरून निदान करू नकोस. इम्प्लांटवर क्राउन (दाताची टोपी) बसवताना पहिला नमुना घे आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत त्याच इम्प्लांटच्या त्याच बाजूने पुन्हा घे. सोबत खोली, रक्तस्राव आणि एक्स-रे यांची नोंद हिरडीतज्ज्ञाकडून घे. रुग्णांचे नमुने घेण्याआधी नैतिकता समितीची परवानगी हवी; तो अर्ज याच आठवड्यात कर.

कळावे.