खुर्चीवर बसवायचं होतं त्याला

"मॅडम, पोरगा बी.कॉम. झालाय. पुण्यात ऑफिसात होता. ते सोडून आलाय आणि आता विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरायच्या दुकानात बसतोय. रोज काळे हात घेऊन घरी येतो. त्याला जरा समजावून सांगाल का?"

गेल्या उन्हाळ्यात आलेला हा फोन. बाई शिरोली एमआयडीसीच्या पलीकडच्या एका गावातून बोलत होत्या. (कुटुंबाची परवानगी घेतली आहे, काही तपशील बदलले आहेत. मुलाला सागर म्हणूया.) कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वर्षाकाठी सात-आठ वेळा तरी ऐकावा लागतो. कधी इंजिनिअर झालेला मुलगा गॅरेजात रमलेला असतो, कधी एमपीएससीची पाच वर्षं घालवून कुणी एसी दुरुस्ती शिकायला लागलेलं असतं. घरच्यांचं वाक्य मात्र ठरलेलं, "समजावून सांगा." म्हणजे त्याला परत खुर्चीवर बसवा.

पहिल्या वेळी तिघंही आले. सागर, वय २५, दाराजवळच्या खुर्चीत. आई मध्ये. वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, ते भिंतीला टेकून. त्यांनी २८ वर्षं फौंड्रीत मोल्डिंग केलेलं. साच्यात काळी वाळू ठोकायची, बॉक्स उचलायचा, तापलेल्या लोखंडाच्या रसासमोर उभं राहायचं. आता कंबर धरते म्हणून घरी.

त्या दिवशी मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. बी.कॉम. पोराला हातकाम आवडलंय म्हटल्यावर मला भरून आलं आणि मी सुरूच झाले. कर्मवीर भाऊरावांची 'कमवा आणि शिका' योजना, गाडगेबाबांचा खराटा, बेळगावात सायकलींचं दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. सगळं खरं आणि सगळं पाठ. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे ठेवले. मनगटापासून कोपरापर्यंत डागलेल्याचे पांढरे ठिपके होते, रस उडाल्याचे.

"मॅडम, तुमचा मुलगा काय करतोय?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे. हिंजवडीला."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि उठले.

श्रमप्रतिष्ठा हा आपल्याकडे शाळेतल्या निबंधाचा विषय आहे. तो लिहिणाऱ्या मुलाला आई सांगते, अभ्यास कर नाहीतर हमाली करावी लागेल. शिवाय हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण नाही. कुणी कुठलं काम करायचं हे गावगाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवलेलं होतं. जातिव्यवस्था म्हणजे नुसती श्रमाची वाटणी नव्हे, श्रमिकांचीच वाटणी आहे, असं बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. त्या कामातून बाहेर पडायचं दार म्हणून ज्यांनी शिक्षणाकडे पाहिलं, पोटाला चिमटा काढून फिया भरल्या, त्यांना आपण खुर्चीत बसून सांगायचं की अहो, कामात कसली लाज? आप्पा उठून गेले ते बरोबरच होतं.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. चुकले म्हटलं. आता मी बोलणार नाही, तुम्ही बोला. आठवड्यानं ते एकटेच आले.

या वेळी विचारलं, "पोराला ऑफिसातच घालायचं, हे कधी ठरवलंत? तो दिवस आठवतो का?"

लगेच आठवला. सागर तिसरीत होता. पीएफच्या फॉर्मवर सही राहिली होती म्हणून आप्पांना वर ऑफिसात बोलावलं. पहिली शिफ्ट सुटलेली, अंगावर वाळू, पायात काळे पडलेले बूट. ऑफिसात नुकतीच पांढरी फरशी बसवलेली. आत पाऊल टाकायच्या आधीच कारकून ओरडला, "ए, तिथंच थांब, फरशी पुसलीय." दारात पोतं टाकलेलं होतं, त्यावर ते उभे राहिले. कारकुनानं कागद दारापर्यंत आणून दिला. खाली धरायला काही नव्हतं म्हणून भिंतीवर ठेवून सही केली. पेन चालेना. तो कारकून त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान होता.

"पगार त्याला माझ्याहून कमी होता, मॅडम. मला माहीत होतं. पण तो बसला होता नव्हं."

हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

म्हणजे आप्पांना कामाचा तिटकारा नव्हता. ते सांगताना साच्याबद्दल इतकं बारकाईनं बोलत होते की मला कळायचंच बंद झालं. भीती दोन गोष्टींची होती. एक, शरीर झिजेल. ती खोटी नव्हती. फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीनं फुफ्फुसाला सिलिकोसिस होतो, कायद्यात तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, आणि आप्पांबरोबर लागलेल्या एका मोल्डरचा जीव त्यातच गेला होता. दुसरी भीती त्या पोत्याची. मी पहिल्या दिवशी या दोन्हींपैकी एकीबद्दलही शब्द काढला नव्हता.

सागरची गोष्ट वेगळीच निघाली. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की तो 'बँकेत' आहे. प्रत्यक्षात तो कंत्राटदाराच्या हजेरीवर होता आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते थकलेल्या लोकांना दिवसभर फोन करायचा. खुर्ची, एसी, गळ्यात कार्ड, सगळं होतं. हातात १६ हजार, त्यातले साडेसहा कॉट बेसिसच्या खोलीला. संडासला जायची मिनिटं कॉम्प्युटरवर मोजली जायची. आणि पलीकडून शिव्या. "मॅडम, एका आजीनं मला तळतळाट दिला. मुलाचं कार्ड होतं, मुलगा वारला होता. तरी स्क्रीनवर पुढची ओळ येत होती, ती मी वाचली." त्या रात्रीपासून झोप गेली. पित्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. सात महिने तसेच काढले, कारण आप्पांनी पेढे वाटले होते.

ऑफिसची नोकरी वाईट असते असं मला म्हणायचं नाही. माझी स्वतःची टेबलखुर्चीचीच आहे आणि मला ती आवडते. पण खुर्ची मिळाली की अपमान टळतो, एवढा एक हिशेब आप्पांनी घातला होता आणि तो चुकला होता. हे त्यांना मी सांगून उपयोग नव्हता. सागरनं सांगायला हवं होतं, आणि तो बापासमोर तोंड उघडत नव्हता.

एक युक्ती केली. सागरला म्हटलं, पुढच्या वेळी तुझी दुकानातली वही आण.

मोटर भरणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको, शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी. तीन फेजपैकी एक गेली किंवा व्होल्टेज पडलं की विहिरीवरची मोटर जळते. मग आतली करपलेली तांब्याची तार छिन्नीनं तोडून काढायची, प्रत्येक गुंडाळीचे वेढे मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघायचा, खाचांत कागद घालून नवी तार बांबूच्या पट्टीनं एकेक करून बसवायची, बांधायची, वार्निश मारून भट्टीत सुकवायची. जुनी तार काढताना मोजायचं राहिलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

वही शंभरपानी होती, कडा तेलानं पारदर्शक झालेल्या. प्रत्येक मोटरला एक पान. गावाचं नाव, एचपी, खाचा ३६, वेढे, गेज, जोडणीची आकृती निळ्या-लाल पेनानं. अक्षर कोरल्यासारखं. आप्पांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग त्यांनी विचारलं, "वेढं कमी पडलं तर काय होतंय?"

"मोटर करंट जास्त घेती, आप्पा. तापती. महिन्याभरात परत जळून येती."

"आणि जास्त झालं तर?"

"ताकद कमी पडती. आणि तार खाचंत मावत न्हाई."

आप्पा मान हलवत राहिले. "साच्यात वाळू सैल ठोकली की कास्टिंग फुगतंय. वरनं बघून कळत न्हाई. रस ओतल्यावर कळतंय." थोडं थांबून, "तुला कोण सांगतंय वेढं बरोबर हायत म्हणून?"

"मीच मोजतो. दोनदा."

माझ्या खोलीत बाप-लेक एकमेकांशी सरळ बोलले ते पहिल्यांदा, आणि विषय होता वेढे. मी एक शब्दही मध्ये घातला नाही. वीस मिनिटांनी आप्पांनीच विचारलं, पुण्यात नक्की काय झालं होतं. सागरनं आजीची गोष्ट सांगितली. आप्पा काही बोलले नाहीत. पोत्याची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही. नंतर कधी सांगितली का, मी विचारलेलं नाही.

इथून पुढं कामाचं बोलता आलं. मी सागरलाही सोडलं नाही. पुण्याला कंटाळून आलेल्या पोरांना हातकाम पहिले तीन महिने फार गोड लागतं. विचारलं, चाळिशीत कंबर गेली तर? दुकान मालकाचं आहे, तू उद्या कुठं? पावसाळ्यात मोटरी कमी येतात तेव्हा काय? शेवटच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग सहा महिन्यांचा जमाखर्च लिहून काढायचं ठरलं. शिकाऊ म्हणून मालक ९ हजार देत होता, पुण्यात खोली-खानावळ जाऊन उरायचे त्यापेक्षा जास्त, पण फार नाही.

कागदाचंही बोललो. हातात कसब असून कागद नसला की माणूस कायम कुणाच्या तरी हाताखाली राहतो, हे मी फार पाहिलंय. आयटीआयला वयाची वरची अट नसते. तिथल्या पाट्यांवरचे शब्द मला फार आवडतात, जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन). तारतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा. आधी पदवी आणि मग आयटीआय, हे ऐकून आईंना रडू आलं. "लोक पुढं जातात, हा मागं चाललाय." त्यांचं दुःख मी खोडून काढलं नाही. सागरनं अजून फॉर्म भरलेला नाही, दोन वर्षं बिनकमाईची कशी काढायची हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

आप्पांनी शेवटच्या बैठकीत एकच विचारलं, "वार्निश कुठं मारतोस? बंद खोलीत?" सागर हो म्हणाला. त्यानंतर आप्पांनी बापलेकांच्या कटकटीत गेलेल्या सगळ्या वर्षाचा राग त्या खोलीवर काढला. धूर कुठं जातो, पंखा का नाही, तोंडाला काय बांधतोस. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगतोय. आई माझ्याकडे बघून हसल्या.

लग्नाचा प्रश्न सुटलेला नाही. तो माझ्या खोलीत सुटणारही नाही. 'मुलगा नोकरीला हवा' ही अट बागायतदारांच्या पोरांना चुकली नाही, तिथं काळ्या हाताच्या पोराची काय कथा. एक स्थळ 'पुण्यात होता ना, मग परत का आला?' एवढं विचारून गेलं. दुसऱ्यांनी पत्रिका परत पाठवली, कारण दिलं नाही.

दसऱ्यानंतर आईंचा फोन आला. खंडेनवमीला सागर मालकाच्या दुकानातली हत्यारं पुजायला गेला, तेव्हा आप्पा पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेले. सागर रोज पाटावर उकिडवा बसून तार भरतो हे त्यांना तिथं कळलं. घरी आल्यावर त्याला भिंतीला उभं करून टेपनं कंबरेची उंची मोजली आणि शिरोलीतल्या एका जुन्या सोबत्याकडून लोखंडी टेबल आणि उंच स्टूल वेल्डिंग करून आणलं. मालकाच्या दुकानात ते दारातनं आत जाईना. आता सोप्यातच पडलंय, येता-जाता पायाला लागतंय, असं त्या वैतागून सांगत होत्या.

"बरं, मॅडम, एक विचारायचं होतं. बायोडेटात काय लिहू? 'मोटर भरतो' असं कसं लिहायचं?"

"स्वतःचं दुकान काढणार आहे ना तो?"

"पुढच्या वर्षी म्हणतोय. 'इलेक्ट्रिकल वर्क्स' लिहू का? जरा बरं दिसतं."

"लिहा," म्हटलं. "आणि विचारलं कुणी, तर ती वही दाखवा."

"ती कशाला?" त्या म्हणाल्या. "तेलकट झालीय ती."