रशियाचा गॅस परत येईल या भरवशावर येऊ नका

तुम्ही विचारलंय, कोकणातल्या लोटे एमआयडीसीतली नोकरी सोडून जर्मनीतल्या केमिकल प्लांटची ऑफर घ्यावी का, आणि युक्रेनचं युद्ध थांबलं की रशियाचा स्वस्त गॅस पुन्हा सुरू होईल ना. व्हिसाचे नियम दूतावासाच्या साइटवर आहेत, ते सोडून देतो.

2021 मध्ये जर्मनी आयात करायची त्यातला निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता. सप्टेंबर 2022 मध्ये रशियाहून समुद्राखालून जर्मनीला येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनच्या चारपैकी तीन नळ्या स्फोटात फुटल्या. चौथी शाबूत आहे, म्हणून अधूनमधून आशेच्या बातम्या येतात. पुतीनशी बोलायला हवं, असं फ्रान्सचे मॅक्रॉनही म्हणाले. पण बोलणी सुरू होतील म्हणून गॅस सुरू होईल असं नाही. 2027 च्या अखेरीआधी पाइपलाइनचा रशियन गॅसही बंद, असा कायदा युरोपियन युनियनने हंगेरी-स्लोव्हाकियाचा विरोध असताना मंजूर केलाय. त्याच्या जागी जहाजाने येणारा द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजी, महाग पडतो. अमोनिया बनवणाऱ्या, म्हणजे गॅसवरच जगणाऱ्या प्लांटची ऑफर असेल, तर पुढच्या पाच वर्षांचं काय ते मुलाखतीतच विचारा.

खरं सांगू? गॅस परत यावा असं मलाही वाटतं. आमचा प्लांट बंद पडला तर माझा इथे राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. मग कँटीनमध्ये समोर युक्रेनमधल्या खार्किव्हची सहकारी जेवायला बसते, घरी फोन लागला का म्हणून सारखा मोबाइल बघते, आणि मला माझ्याच विचाराची लाज वाटते. हे घरी कुणाला बोललेलो नाही.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते.

शाळेचं मात्र अजून सलतं. आम्ही जर्मनीच्या बायर्न राज्यात. इथे चौथीतच मुलांच्या वाटा ठरतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 पर्यंत असेल तर थेट गिमनाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. 1 म्हणजे सर्वांत चांगला. मुलाला गणितात 1, परिसर अभ्यासात 3 आणि जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66. बाईंनी कागद पुढे सरकवला, म्हणाल्या रेआलशूलही (त्याखालची, मधल्या पातळीची शाळा) चांगली असते. असेलही. पण घरी मराठीच बोलणारं पोर दहाव्या वर्षी भाषेवरून मागे पडलं, हे मला आजही पटत नाही. त्याच महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणाची अपॉइंटमेंट मिळेना, तात्पुरत्या कागदावर दिवस काढत होतो, भांडायला जीवच उरला नव्हता.

तुमची मुलगी दुसरीत आहे म्हणता. ऑफरवर सही नंतर करा, तिची जर्मनची शिकवणी या आठवड्यात लावा.