चेक इंजिनचा दिवा लागला, सेन्सर बदलू का?

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागलाय, ॲव्हरेजही घसरलंय. गॅरेजवाला सरळ ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतो. काय करू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : दादा, ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे पाहणारा सेन्सर. तो बदलण्याआधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. पी०१३५ (P0135) निघाला, तर बिघाड सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटमध्ये आहे. म्हणून फ्यूज आणि वायर पहिले तपासा. इंजिनाजवळ सायलेन्सरचा पाइप लीक असला, तर चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. साध्या प्रकारच्या पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवं. ते संथ झालं आणि बाकी सगळं ठीक असेल, तर खुशाल बदला.

सेन्सर काढताना घाई नको, एवढं माझं ऐकाच. आटे गंजून जाम होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, इंजिन कोमट असताना वायरसाठी खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट लावा. जोर लावला की मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे) आटे जातात, मग खर्च कितीतरी वाढतो. नव्या सेन्सरच्या टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन अजिबात लागू देऊ नका. आणि कोणता सेन्सर बदलला, पुढचा की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागचा, हे विचारूनच पैसे द्या.