नवी जात म्हणण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व छायाचित्रे मिळाली. ब्रह्मपुरीकडच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर तुला दिसलेला गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन ही पाणथळ जागची वनस्पती, जवळच्या पुस्तकातील कोणत्याही वर्णनाशी जुळत नाही, एवढ्यावरून ती नवी जात ठरत नाही. कूक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ (१९०१–१९०८), आपल्याकडे सर्रास उघडला जातो. पण विदर्भ त्या इलाख्यात नव्हताच, तेव्हा आपल्या धानपट्ट्यातील वनस्पती त्यात नसली तर नवल नाही. हूकर यांचा ब्रिटिश भारताचा फ्लोरा आणि आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीला लागून असलेल्या छत्तीसगडकडील वनस्पतींची वर्णने आधी पाहा.

गेंद नुसत्या छायाचित्रावरून ओळखण्याचा मोह टाळ. त्याच्या इवल्याशा पांढऱ्या गोंड्यात नर आणि मादी फुले दाटीने बसलेली असतात. ती भिजवून, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक सुटी करून, पाकळ्यांवरच्या काळ्या ग्रंथी, परागकोशांचा रंग आणि मुख्य म्हणजे बीजाच्या पृष्ठभागावरची नक्षी पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. म्हणून बी पक्व होईपर्यंत, धान कापणीला आले तरी, त्याच जागी जात राहा. मोजकीच रोपे असतील तर उपटू नकोस. पुरेशी असतील तर मुळांसकट घे, वर्तमानपत्रात दाब आणि कागद रोज बदल, कारण आपल्या पावसाळी हवेत बुरशी वाट पाहत नाही. फुलांचा रंग व पाण्याची खोली काठावरच लिहून घे. सुकलेल्या नमुन्यात ही माहिती सापडणार नाही.

त्यानंतर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहालयात जाऊन मिळत्याजुळत्या जातींचे नमुने शेजारी ठेवून पाहा. परदेशातील कित्येक मूळ नमुन्यांची चित्रे आता इंटरनेटवर आहेत. माझ्या मते खरे काम इथेच होते, आणि बहुतेक ‘नव्या’ जाती इथेच जुन्या निघतात.

एवढे करूनही ती वेगळी राहिली, तर वर्णन लिही. २०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजी वर्णन चालते. मात्र होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधारभूत नमुना, म्हणून नेमका एक नमुना ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते लिहिणे बंधनकारक आहे, नाहीतर नाव ग्राह्य धरले जात नाही. स्वतःचे नाव जातीला देण्यास नियमांची आडकाठी नाही, पण ते शोभत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला तूर्त काही सांगू नकोस.

दिवाळीच्या सुमारास पक्व बिया घेऊन ये. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे.

तुझा,
सर