पाककृतींचा ब्लॉग मोबाइलवर उघडायला फार वेळ लागतो. होस्टिंगचा मोठा प्लॅन घेऊ का?

एवढ्यात पैसे भरू नका. तुम्ही लिहिलंय की ब्लॉग वर्डप्रेसवर आहे, घरच्या वायफायवर बरा चालतो, पण गावाकडचे वाचक ‘पान उघडतच नाही’ म्हणतात आणि होस्टिंगवाले मोठा प्लॅन गळ्यात मारतायत. सर्व्हर खरंच मंद असता तर तो वायफायवरही रखडला असता. मी लहान दुकानदारांच्या आणि हौशी ब्लॉगर्सच्या साइट्स सांभाळतो. अशी तक्रार आली की बहुतेक वेळा सर्व्हर ठीक असतो, पानच जड झालेलं असतं.

तेव्हा आधी पानाचं वजन करा. लॅपटॉपवर क्रोमची इन्कॉग्निटो विंडो उघडा. नेहमीच्या विंडोत नको, कारण तिथे तुमच्या ब्लॉगच्या अर्ध्या फाइली आधीच साठवलेल्या असतात आणि म्हणूनच तुम्हाला तो पळतोय असं वाटतं. एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा, मग त्याच विंडोत एखादी लोकप्रिय पाककृती उघडा आणि ‘साइझ’ या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात मोठी फाइल वर आणा. तळाशी एकूण किती एमबी उतरले तेही दिसतं. पहिल्या पाच ओळी बघितल्यात की दोषी कोण ते कळेल.

माझा अंदाज, त्यातले निदान तीन फोटो निघतील. आजकालच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि सहज ४ एमबी भरतो. ४ एमबी म्हणजे ३२ मेगाबिट. वाचकाला ५ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिटचा, वेग मिळत असेल, तर एका थालीपिठाच्या फोटोलाच सहा सेकंदांच्या वर गेले. आणि पाककृतीत फोटो एक नसतो: पीठ मळताना, थापताना, तव्यावर, ताटात! बरं, ज्या फोनवर ते बघायचं त्याचा पडदा बहुधा १०८० पिक्सेल रुंद. फोटो १२०० बाय ९०० चा केलात तर पिक्सेल अकरा पटींनी कमी होतात आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही.

हे करायला स्क्वूश नावाचं गुगलचं मोफत साधन आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं. रुंदी १२००, फॉरमॅट वेबपी (फोटोची फाइल हलकी ठेवणारा), दर्जा ७५ च्या आसपास ठेवा. फाइल बहुतेक वेळा दीडशे केबीच्या आत येते. वेबपी आयफोनवर दिसत नाही ही भीती जुनी झाली, २०२० पासून सफारीतही ते चालतं. पीएनजीपासून मात्र सांभाळा. डिझाइनच्या ॲपमध्ये फोटोवर नाव टाकून तो पीएनजीत उतरवला की तोच फोटो कितीतरी पट फुगतो. पीएनजी लोगोला ठीक, भाजीच्या फोटोला नाही.

‘पण वर्डप्रेस स्वतःच लहान आकार बनवतं ना?’ बनवतं. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ते फोनला लहान आणि मोठ्या पडद्याला मोठा फोटो देतं. पण स्लायडर, काही पेज बिल्डर (पानं रचून देणारी प्लगइनं) आणि पार्श्वभूमीला लावलेले फोटो ही सोय धुडकावून मूळ फाइलच पाठवतात. त्यामुळे मुखपृष्ठावरचा तो सरकता स्लायडर आधी काढा. त्यातला दुसरा फोटो येईपर्यंत कुणी थांबत नाही.

खालचे फोटो वाचक तिथे पोहोचल्यावरच उतरावेत, म्हणजे लेझी लोडिंग, ही सोय वर्डप्रेसमध्ये २०२० पासून आपोआप असते. त्यावर वेगळं प्लगइन चढवू नका. अशी काही प्लगइनं सगळ्यात वरच्या फोटोलाही ताटकळत ठेवतात, आणि वाचक वाट बघतो ती नेमकी त्याच फोटोची. शिवाय प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये नोंदलेली आहे ना ते बघा. नसेल तर वाचक ‘साहित्य’ वाचत असतानाच वर फोटो उमटतो, मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच जाहिरातीवर पडतं.

आता फॉन्ट. इंग्रजी लेखांमधले सल्ले आपल्याला इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देवनागरीच्या युनिकोड तक्त्यात १२८ जागा असल्या तरी जोडाक्षरं धरून फॉन्टमध्ये आकृत्या शेकड्यांनी असतात, त्यामुळे फाइल रोमन फॉन्टपेक्षा बरीच मोठी होते. त्यात थीमवाल्याने मथळ्याला एक, मजकुराला दुसरा, बटणांना तिसरा फॉन्ट लावलेला असतो आणि प्रत्येकाची चार-चार वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड-बारीक तऱ्हा. मजकुराला फॉन्ट उतरवायची गरजच नाही असं माझं मत आहे. अँड्रॉइडमध्ये नोटो आणि आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी आधीपासून असतात, दोन्ही वाचायला चांगले. हौसच असेल तर मथळ्यांपुरता एक फॉन्ट, एकाच वजनाचा, वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये ठेवा आणि कोडमधल्या ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ लावा, म्हणजे तो येईपर्यंत फोनच्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसत राहतात, कोरं पान दिसत नाही.

फॉन्टमधली नको असलेली अक्षरं छाटून फाइल लहान करता येते. पण छाटणारं साधन देवनागरी ओळखणारं नसेल तर जोडाक्षरं फुटतात. छाटल्यावर ‘पुऱ्या’, ‘पद्धत’, ‘ॲप’ आणि ‘तिखटमिठाच्या’ एवढे शब्द लिहून बघा. ‘पुऱ्या’तला ऱ्य तुटलेला दिसला तर जुनी फाइल परत लावा. आणि ‘गुगल फॉन्ट्स सगळेच वापरतात, म्हणून वाचकाकडे तो आधीच असतो’ हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. क्रोमने २०२० मध्ये प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला, तेव्हापासून दुसऱ्या साइटवर उतरलेला फॉन्ट तुमच्या उपयोगाचा नाही.

मजकुराची काळजी सोडा. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, रोमनला १, हे खरं. पण सहा हजार चिन्हांची पाककृती म्हणजे १८ केबी, आणि सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली (फाइल दाबून पाठवायच्या पद्धती) चालू असेल तर वाटेत ती आणखी बरीच आक्रसते. ते चालू आहे का हे त्याच नेटवर्क टॅबमध्ये, पानाच्या ‘हेडर्स’मध्ये दिसतं.

उरला पाहुण्यांचा गोतावळा: चॅटचं बटण, फेसबुक पेजचा चौकोन, भेटींचा आकडा, शेअरची तरंगती पट्टी, यूट्यूबचे व्हिडिओ. यातला प्रत्येक जण दुसऱ्याच सर्व्हरवरून स्वतःची स्क्रिप्ट घेऊन येतो आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर त्यात गुंतून पडतो. यूट्यूबचा व्हिडिओ थेट चिकटवला की कुणी तो न बघताही शेकडो केबी उतरतात. त्याऐवजी फक्त चित्र ठेवा, त्यावर बोट लावल्यावर प्लेयर येऊ दे. तशी छोटी प्लगइनं मिळतात. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या बटणाला तर स्क्रिप्टच लागत नाही, साधी लिंक पुरते. भेटींचा आकडा कुणासाठी ठेवलाय ते तुम्हीच ठरवा.

हे झालं की कॅशे. वर्डप्रेस दर भेटीला डेटाबेसमधून पान नव्याने रचतं. कॅशे प्लगइन तयार पान ठेवून तेच प्रत्येकाला वाढतं. वर्डप्रेस सुपर कॅशे किंवा, होस्टिंग लाइटस्पीड या सर्व्हर सॉफ्टवेअरवर असेल तर, लाइटस्पीड कॅशे. एकच टाका, दोन टाकलीत तर एकमेकांच्या पायात येतात. साइटच्या फाइली वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या क्लाउडफ्लेअरचा मोफत प्लॅनही चांगला आहे, पण तो आपणहून चित्रं आणि स्टाइलच्या फाइलीच साठवतो, पानाचा एचटीएमएल, म्हणजे मजकूर-मांडणीची मूळ फाइल, नाही. त्यामुळे वरचं प्लगइन तरीही लागतंच.

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग-चाचणीवर तपासा, पण शंभर गुणांच्या मागे लागू नका. मोबाइलची चाचणी मुद्दाम मंद फोन आणि मंद नेटवर्क धरून होते, तिथे कमी गुण दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. मुख्य फोटो किंवा मथळा अडीच सेकंदांत दिसतोय का, तेवढं बघा. आणि तक्रार करणाऱ्या गावाकडच्या एखाद्या वाचकालाच पुन्हा उघडून बघायला सांगा.

एवढं करूनही नेटवर्क टॅबमधली पानाच्या एचटीएमएलची ओळ सेकंदाहून जास्त थांबत असेल, तर मग होस्टिंगवाल्यांना फोन करा. प्लॅनचं बोलणं निघण्याआधी दोन गोष्टी विचारा. सर्व्हर कुठे आहे? अमेरिकेत असेल तर मुंबईत हलवून मागा, कारण एचटीएमएल येण्याआधीच जोडणीसाठी दोन-तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी समुद्रापलीकडे जाऊन येते. आणि पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती, कुठली आहे? ७.४ किंवा त्याआधीची असेल तर तिची देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्ये किंवा त्याआधीच बंद झालीय. आधी सगळ्याचा बॅकअप घ्या, मग ८ च्या पुढची चालू आवृत्ती लावून घ्या. बहुतेक कंपन्या त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत.