रोज वचन पाठ करतो तरी मोह आला की तेच पाप होतं, मग बायबलचा उपयोग नेमका करायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की रात्री रूमवर एकटे असता, मोबाइलवर नको ते बघायची इच्छा होते, मग तुम्ही 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे' हे वचन डोळे मिटून पुन्हा पुन्हा म्हणता आणि थोड्या वेळाने बघताच. वचन खरंच आहे हो, पण ते ज्यात आहे त्या फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात प्रेषित पौल तुरुंगातून सांगतोय की पोट भरलेलं असो नाहीतर उपाशी असो, मी दोन्हीत राहायला शिकलोय. तुमचं मन रात्री जे बोलतंय त्याला या वचनाने थेट उत्तर मिळतच नाही, आणि माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे. मोह आपल्याशी वाद घालतो, आणि आपण वादाला उत्तर द्यायचं सोडून जप करत बसतो.

मत्तयचा ४ था अध्याय काढा. प्रभू येशूचा ४० दिवसांचा उपास झालाय, भूक लागलीये आणि सैतान म्हणतो दगडांच्या भाकरी कर. आता भाकर खाणं हे काही पाप नाही, पण आतला मुद्दा असा की बापाने दिलं नाही ना, मग तूच घे की. यावर प्रभू जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ८:३ सांगतो, आणि तो भाग भुकेबद्दलचाच आहे, अरण्यात देवाने इस्राएलाला उपाशी ठेवलं आणि मग मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न, दिला त्याबद्दलचा. मंदिरावरून उडी टाक म्हटल्यावर ६:१६, मस्सा नावाच्या ठिकाणी पाण्यावरून लोकांनी देवाची परीक्षा बघितली ते. आणि मला नमन कर म्हटल्यावर ६:१३. म्हणजे ज्या मुद्द्यावर हल्ला त्याच मुद्द्यावर उत्तर, आणि तिन्ही उत्तरं अनुवादाच्या ६ ते ८ या अध्यायांतली, जिथे सुरुवातीलाच सांगितलंय की ही वचनं हृदयात ठेवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना यांच्याविषयी बोला. प्रभूने नेमकं तेच केलेलं होतं, ऐन वेळी शोधाशोध करायची गरजच पडली नाही.

आणि उडी टाक म्हणताना सैतानसुद्धा वचनच म्हणतो हे विसरू नका, स्तोत्र ९१ ची ११ वी आणि १२ वी ओवी. १३ वीत सिंह आणि सापाला तुडवण्याची गोष्ट आहे, तिथवर तो जातच नाही. म्हणून मी आमच्या तरुण संघातल्या मुलांना सांगतो की सुटं एकच वचन पाठ करू नका, पूर्ण अध्याय वाचा.

ही पद्धत जुनी आहे. चौथ्या शतकात इवाग्रियस नावाचा एक साधू इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, ३९९ मध्ये वारला. त्याआधी कॉन्स्टँटिनोपलमध्ये असताना तो एका विवाहित बाईच्या मोहात अडकला होता आणि शेवटी ते शहरच सोडून निघून गेला. त्याने जवळपास ५०० नोंदींचं एक पुस्तक केलं, खादाडपणा, व्यभिचार, पैशाचा लोभ, राग, खिन्नता असे आठ भाग, आणि प्रत्येक नोंदीत मनात अमुक विचार आला तर त्याला शास्त्रातलं हे उत्तर. दुसऱ्या एका ठिकाणी तो लिहितो की लोभ माणसाला लांबलचक म्हातारपण दाखवतो, हात काम करेनासे होतील, दुष्काळ पडेल, आजार येतील, लोकांपुढे हात पसरायची लाज वाटेल. मोह किती काळजीने बोलतो बघा!

हे मी जवळून बघितलंय. मी एका कंपनीत परचेसला आहे. दिवाळीच्या आधी एका व्हेंडरचा माणूस आला, चहा झाला, आणि जाताना मिठाईचा बॉक्स ठेवला त्याच्याखाली पाकीट. 'साहेब, वहिनींसाठी'. मनात पहिल्यांदा काय आलं तर मुलीची फी, आणि वर असं की तू मागितलं थोडंच आहेस. निर्गम २३:८ मला माहीत होतं, लाच डोळसाला आंधळं करते. पुढच्याच आठवड्यात त्याचं कोटेशन इतर तिघांसोबत माझ्या टेबलवर येणार होतं आणि मला ते नीट दिसायला हवं होतं. पाकीट त्याच्या हातात परत दिलं, रागावलो वगैरे नाही.

तर तुमचं मन रात्री नेमकं काय बोलतं ते दिवसा शांतपणे कागदावर लिहून काढा. 'कोणाला कळणारे' असं म्हणत असेल तर स्तोत्र १३९ वाचा, अंधारसुद्धा त्याला अंधार नाही. 'नुसतं बघतोय, करत तर नाही काही' असं असेल तर मत्तय ५:२८ आणि ईयोब ३१:१, जिथे ईयोब आपल्या डोळ्यांशी करार करतो. 'एकटा आहे, दुसरं आहे काय मला' असं असेल तर स्तोत्र १६ अख्खं.

आणि जिथे शास्त्रच पळ म्हणतं तिथे थांबून वचन म्हणत बसू नका. योसेफाने त्याला मोहात पाडू बघणाऱ्या मालकाच्या, पोटीफरच्या, बायकोला उत्तर दिलं, देवाविरुद्ध पाप कसं करू म्हणाला, पण तिने धरल्यावर वस्त्र तिथेच टाकून बाहेर पळाला. तुमच्यासाठी पळणं म्हणजे मोबाइल झोपताना रूमच्या बाहेर चार्जिंगला लावणं आणि गजराला साधं घड्याळ आणणं. याकोब ५:१६ प्रमाणे एका माणसाला सगळं सांगूनही टाका, पाळकसाहेबांची लाज वाटत असेल तर मंडळीतला एखादा वयाने मोठा, गोष्ट पोटात ठेवणारा बघा. आणि रोजचे तास जात असतील, कामावर परिणाम होत असेल तर समुपदेशकाकडे जा, त्याने विश्वास कमी होत नाही.

एक राहिलं. पाप झाल्यावर जो आवाज येतो की आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करणार, तोसुद्धा मोहच आहे आणि मला तर तो जास्त घातक वाटतो, कारण त्यामुळे मुलं महिना महिना चर्चला यायची बंद होतात. त्याला उत्तर १ योहान १:९, आणि इब्री ४ च्या शेवटच्या दोन ओव्या, सर्व बाबतीत आपल्यासारखी परीक्षा झालेला पण निष्पाप राहिलेला याजक, म्हणजे येशू, आपल्याला आहे म्हणून धैर्याने जवळ या. हे त्याच रात्री वाचा, रविवारपर्यंत थांबू नका.